पाच रचना, एक संध्याकाळ आणि मधला अंधार

प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच स्वतंत्र कोरिओग्राफर, प्रत्येकाची एक नवी समकालीन रचना, पाठीशी कुठलीही संस्था नाही. छोटं ब्लॅक बॉक्स सभागृह (काळ्या भिंतींचं, साधं) दोन दिवसांसाठी मिळालंय आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रयोग आहे. रचना अशा: प्रोजेक्शनसह ११ मिनिटांचं एकल; दोन खुर्च्या आणि बोलले जाणारे शब्द असलेलं १४ मिनिटांचं युगल; संगीताविना, बराच वेळ प्रेक्षकांकडे पाठ करून होणारं ९ मिनिटांचं एकल; दणदणीत इलेक्ट्रॉनिक संगीतावर सहा जणांची १६ मिनिटांची समूहरचना; आणि मातीवर होणारं १२ मिनिटांचं युगल. क्रम कसा लावायचा, तालमीचा वेळ कसा वाटायचा, आणि सगळं मिळून एक संध्याकाळ कशी वाटेल, असं तुम्ही विचारलंय. शेवट समूहरचनेनेच व्हावा असं पाचातल्या चौघांना वाटतं, हेही लिहिलंय.

या शेवटच्या मुद्द्यावर मी त्या चौघांच्या बाजूने नाही. का, ते पुढे येईलच. आधी तुम्ही जे विचारलेलंच नाही त्याबद्दल बोलते, कारण गेल्या २५ वर्षांत मी अशा संध्याकाळी बहुतेक वेळा तिथेच फसताना पाहिल्या आहेत.

पाचही जण आपापल्या मिनिटांना जिवापाड जपतात. मधल्या वेळाला मात्र कुणी वाली नसतो. एक रचना संपते, दिवे जातात, टाळ्या होतात, अंधारात कुणीतरी काहीतरी ओढत नेतं, प्रकाशयोजनाकार घाईने पुढचा क्यू, म्हणजे दिवे बदलण्याचा इशारा, देतो आणि दुसरी रचना सुरू होते. पाच रचनांच्या मधे असे चार सांधे असतात आणि ते कुणीच रचलेले नसतात. प्रेक्षक मात्र तेही बघतो. नाच कधी सुरू झाला आणि कधी संपला हे त्याला तुमच्याइतकं पक्कं ठाऊक नसतं.

काही वर्षांपूर्वी अशाच एका कार्यक्रमाचं संयोजन माझ्याकडे होतं. लागोपाठ दोन दिवस दोन प्रयोग होते. त्यात एका तरुण नर्तिकेचं एकल होतं, तुमच्या तिसऱ्या रचनेसारखंच, शांत आणि पाठमोरं. सुरुवातीचं जवळजवळ एक मिनिट फक्त तिचा उजवा खांदेफरा त्वचेखालून सरकत राहायचा, बाकी सगळं शरीर स्थिर. पहिल्या दिवशी मी ते एका जोरकस तिघांच्या नाचानंतर ठेवलं होतं. टाळ्या झाल्या, अंधार झाला, पंधरा सेकंदांत लाइट आला. लोक अजून आधीच्या नाचातून बाहेर यायचे होते. कुणी खाकरत होतं, कुणी बसल्या जागी सावरून बसत होतं, दोन मोबाइल उजळले. सभागृह शांत झालं तोवर खांदेफऱ्याचं ते मिनिट संपून गेलं होतं. प्रयोगानंतर ती मला एवढंच म्हणाली, "ताई, माझं सुरू झालेलं कुणाला कळलंच नाही."

दुसऱ्या दिवशी तिच्या नाचातली एकही हालचाल बदलली नाही. तिघांचा नाच मी तिच्यानंतर नेला आणि तिच्या आधी चाळीस सेकंद मोकळी केली. दहा सेकंद पूर्ण अंधार, मग रिकाम्या रंगमंचावर अगदी मंद लाइट, आणि त्या लाइटमधून ती साध्या चालीने आपल्या जागेवर आली. अनवाणी पाऊल रंगमंचावर अंथरलेल्या मॅटला चिकटून सुटतं तेव्हा एक बारीक 'चट्' आवाज होतो. तो शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येत होता. ती पाठ करून उभी राहिली. खांदेफरा हलला तेव्हा माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईंचा हात नकळत स्वतःच्या खांद्यावर गेला. तेव्हापासून मी क्रमपत्रिका लिहिताना रचनांच्या नावांमधे एक एक ओळ रिकामी सोडते आणि तिथे काय घडणार ते शब्दांत लिहिते. तुम्हीही आज रात्री तेवढं करा.

ही काळजी काही आजची नाही. ६ जुलै १९६२ च्या रात्री न्यूयॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये रॉबर्ट डन यांच्या नृत्यरचनेच्या कार्यशाळेतल्या नर्तकांनी आपल्या नव्या रचनांचा पहिला प्रयोग केला. चौदा जणांच्या तेवीस रचना, तीन तासांहून मोठा कार्यक्रम, प्रवेश विनामूल्य. पुढच्या सगळ्या समकालीन नृत्यावर या रात्रीचा ठसा आहे. माझ्या मनात मात्र तिची सुरुवात घर करून आहे. कार्यक्रम एका चित्रफितीने सुरू झाला, आणि चित्रफीत संपत असतानाच पहिल्या नाचाचे नर्तक जागेवर आले. क्षणभर ती चित्रं त्यांच्या अंगावर पडत होती. मग चित्रफीत विझली, रंगमंचाचे दिवे आले, नाच सुरू झाला. बंडखोर म्हणून ओळखल्या गेलेल्या त्या मंडळींनीही पहिला सांधा वाऱ्यावर सोडला नव्हता.

मग सगळ्याच रचना एकमेकींत मिसळून टाकायच्या का? अमेरिकी कोरिओग्राफर मर्स कनिंगहॅम यांनी १९६४ मध्ये व्हिएन्नाच्या एका संग्रहालयात, नेहमीचा रंगमंच नसताना, आपल्या वेगवेगळ्या रचनांचे भाग जोडून मध्यंतराविना सलग प्रयोग केला आणि पुढे असे शेकडो 'इव्हेंट' केले. पण तिथे सगळं साहित्य एकाच माणसाचं होतं. तुमच्याकडे पाच लेखण्या आहेत. प्रत्येकाची सुरुवात आणि शेवट त्याच्या मालकीचे आहेत, त्यावर दुसऱ्याची रेघ चढता कामा नये. सांधा रचायचा तो दोन्ही बाजूंच्या कोरिओग्राफरांनी एकत्र बसून. दोघांपैकी एक जरी नाही म्हणाला, तरी तिथे साधा, मोजलेला अंधार ठेवा. वीस सेकंदांचा अंधार घड्याळ लावून बसून बघा. तुम्हाला वाटतो त्यापेक्षा तो खूप मोठा असतो.

आता क्रम. सगळ्यात चांगली रचना शेवटी, दुसरी चांगली सुरुवातीला, हा हिशेब मनातून काढून टाका. त्याने मैत्री तुटते आणि संध्याकाळही सुधारत नाही. मी तीनच गोष्टी बघते: जमीन, कान आणि डोळे.

जमिनीने तुमचा शेवट आधीच ठरवून टाकलाय. मातीचं युगल झाल्यावर तो मॅट दीड मिनिटात स्वच्छ होत नाही. एका प्रयोगात आधीच्या नाचात टाल्कम पावडर वापरली होती. मधल्या अंधारात दोघांनी ओल्या फडक्याने मॅट पुसला, वरवर स्वच्छ दिसला. पुढच्या नाचात नवव्या मिनिटाला एक मुलगा वळताना घसरला आणि गुडघ्यावर आपटला. ओली पावडर मॅटवर पातळ थर होऊन बसली होती. तो पाच महिने नाचू शकला नाही. त्या रात्रीचा क्रम मी लावला होता, त्यामुळे ते गुडघ्याचं दुखणं माझ्याही खात्यावर आहे. म्हणून मातीनंतर कुणीही नाही. मध्यंतर घेऊन मधे पुसू असंही नको. तुमच्या ६२ मिनिटांना मध्यंतराची गरज नाही आणि मध्यंतराने जमवलेलं सगळं लक्ष सांडतं.

मग कान. दणदणीत आवाजानंतर शांत एकल ठेवलं तर सुरुवातीचं मिनिट वाया जातं, ते वर सांगितलंच. शब्दांनंतरची शांतता मात्र फार सुंदर लागते. खुर्च्यांच्या युगलात माणसं बोलतात. ते संपल्यावर कान शब्दाची वाट बघत राहतो आणि शब्द येत नाही. त्या वाट बघण्यात पाठमोरं एकल सुरू होऊ द्या.

डोळ्यांचं असं की पहिली रचना प्रेक्षकाला आज कसं बघायचं ते शिकवते. प्रोजेक्शनचं एकल पहिलं ठेवा. पडदा, प्रोजेक्टर सगळं आधीच लावून ठेवता येतं, प्रेक्षक आत येतानाच प्रतिमा चालू असू शकते, आणि दिवसभर स्क्रीन बघून आलेल्या डोळ्यांना प्रतिमेवरून माणसाच्या शरीराकडे यायला ती एक पायरी मिळते.

म्हणजे माझा क्रम: प्रोजेक्शन, खुर्च्या, पाठमोरं एकल, समूह, माती. दोन एकलं शेजारी येत नाहीत हेही बरं. तशी आली की प्रेक्षक नाच सोडून दोन शरीरांची तुलना करत बसतो. चार सांध्यांना मिळून पाच-सहा मिनिटं धरा, शेवटचं अभिवादन धरा, सत्तर-बहात्तर मिनिटांत लोक बाहेर पडतील.

समूहरचना शेवटी नको, याचं एक कारण जमीन. दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. सहा जण आणि मोठा आवाज यांनी टाळ्या मोठ्या होतात, हे खरं. पण त्या टाळ्यांत आधीच्या चारही रचना वाहून जातात. घरी जाताना लोकांच्या अंगात फक्त ठेका उरतो. ती चौथी ठेवली तर तिचा जोर वाया जात नाही, तो पुढच्या रचनेच्या उपयोगी पडतो. आणि तिथेच तुमचा सगळ्यात सुंदर सांधा दडलाय. समूहरचना संपली, संगीत तुटलं, दिवे अर्धे उतरले. सहाही जण घामेजलेले, धापा टाकत तिथेच. ते विंगेत जातात, जाड ताडपत्री आणून उलगडतात, आणि सहा घमेली माती आणून ओततात. ओलसर माती पडण्याचा आवाज आणि सहा माणसांचा श्वास, दुसरं काही नाही. मग ते निघून जातात आणि युगलातले दोघं येतात. हे करायला दोन्ही कोरिओग्राफरांची मनापासून संमती हवी. समूहवाल्यांना आपला शेवट हिरावला जातोय असं वाटू शकेल, म्हणून त्यांचा शेवटचा क्षण आधी पूर्ण होऊ द्या, चार-पाच सेकंद अंधार द्या, मग दुसरं.

मातीबद्दल दोन शब्द. ती चाळून घ्या, खडा राहिला तर तळपाय फाटतो. किंचित ओलसर ठेवा, नाहीतर धूळ पुढच्या रांगेच्या नाकात आणि तापलेल्या दिव्यांवर जाते. ताडपत्रीच्या कडा आत दुमडून टेपने पक्क्या करा. आणि सभागृहाच्या व्यवस्थापकांना आजच सांगा. प्रयोगाच्या दिवशी माती बघून कुणीही नाहीच म्हणेल.

जमिनीचीच आणखी एक गोष्ट: मॅटखाली काय आहे ते स्वतः जाऊन बघा. पाय आपटून, उडी मारून बघा. सिमेंटवर विनाइलचा मॅट अंथरला म्हणजे जमीन मऊ होत नाही. खाली लवचीक लाकडी तळ नसेल तर समूहरचनेतल्या उड्या कमी कराव्या लागतील. ते तालमीच्या खोलीत ठरवा, सभागृहात पोचल्यावर नको.

प्रकाशासाठी पाच वेगळ्या योजना मागू नका. एकच सामाईक मांडणी करा आणि प्रत्येकाला फार तर दोन खास लाइट द्या. सामाईक मांडणीत पहिला खर्च बाजूच्या दिव्यांवर व्हावा. समोरचा लाइट चेहरा दाखवतो पण शरीर सपाट करतो. नडगीच्या, कंबरेच्या आणि डोक्याच्या उंचीवर विंगेतून येणारा लाइट शरीराला गोलाई देतो. अमेरिकी कोरिओग्राफर मार्था ग्रॅहम यांच्या नाचांना वर्षानुवर्षे प्रकाश देणाऱ्या जीन रोझेन्थाल यांनी नृत्याच्या प्रकाशाला जी शिस्त घालून दिली, तिच्यावर आजही आपण सगळे चालतो. नडगीच्या उंचीचा लाइट जमिनीला जेमतेम शिवून समोरच्या विंगेत जातो, त्यामुळे जमीन काळी राहते आणि नर्तक अधांतरी वाटतो. तोच लाइट मातीच्या युगलात उडणारा एक एक कण दाखवेल. प्रोजेक्शनच्या वेळी समोरचे दिवे पूर्ण बंद, नाहीतर प्रतिमा धुऊन निघते. पाठमोऱ्या एकलाला मागून तिरका लाइट द्या, पाठीवरचे स्नायू तिथेच वाचता येतात.

तालमीच्या वेळाचा हिशेब: प्रत्येक रचनेला ७५ मिनिटं, मग ती ९ मिनिटांची असो की १६. त्यात पंधरा मिनिटं जागा समजून घ्यायला, चाळीस मिनिटं क्यू बसवायला, वीस मिनिटं सलग करून बघायला. पाचांचे सव्वासहा तास होतात. त्याखेरीज पाऊण तास फक्त चार सांध्यांसाठी, आणि हा पाऊण तास कुठल्याही कारणाने कापायचा नाही. पहिल्या दिवशी सकाळी दिवे टांगणं, फोकस आणि मॅट. दुपारनंतर तीन रचना, प्रोजेक्शनपासून सुरुवात, कारण बिघडण्यासारखं तिथे सगळ्यात जास्त आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेल्या दोन, सगळ्यात शेवटी माती. मग सांधे, त्या वेळी घमेली रिकामी चालतील. मग एक सलग रंगीत तालीम, मातीसकट. त्यानंतर सफाई आणि नर्तकांना किमान दोन तास विश्रांती.

या दोन दिवसांत एक माणूस असा हवा जो नाचत नाही आणि ज्याची स्वतःची रचना नाही. तो क्यू शीट घेऊन बसेल, "चला" तो म्हणेल, आणि कुणाची पंच्याहत्तर मिनिटं संपली हेही तोच सांगेल. पाचांपैकी एकाने "मी बघतो ते" म्हटलं तर प्रेमाने नाही म्हणा. आपल्या रचनेच्या आधी दहा मिनिटं त्याचं लक्ष कुठे असेल, तुम्हाला ठाऊक आहे.

ध्वनीचं लवकर उरकते. सगळ्या फाइल एकाच लॅपटॉपवर, क्रमांक देऊन, नेटवरून थेट काहीही वाजवायचं नाही, सगळ्यांची पातळी एका बैठकीत जुळवून घ्यायची. रेकॉर्ड केलेल्या संगीताचे हक्क ज्याचे त्याने आधी मिळवायचे.

रचना नव्या आहेत म्हणता, तर प्रयोगाच्या तीन आठवडे आधी पाचांनी एकमेकांना आहे त्या अवस्थेत दाखवा. तिथे काय बोलायचं, याला पद्धत हवी, नाहीतर जो जोरात बोलतो त्याचा नाच सगळे करू लागतात. अमेरिकी कोरिओग्राफर लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास बांधलेली पद्धत मला सर्वांत कामाची वाटते. आधी बघणारे सांगतात की त्यांच्या मनात काय राहिलं, काय भिडलं. मग कोरिओग्राफर स्वतःचे प्रश्न विचारतो. मग बघणारे प्रश्न विचारतात, पण त्या प्रश्नात मत दडलेलं नको. "एवढा वेळ पाठ का?" यात मत आहे, "पाठ करून उभं राहताना तू कशाकडे बघत असतेस?" हा प्रश्न आहे. मत सर्वात शेवटी, तेही परवानगी घेऊन. शेवटच्या आठवड्यात मात्र कुणीही कुणाच्या रचनेच्या बांधणीबद्दल बोलायचं नाही.

कार्यक्रमपत्रिकेत प्रत्येकाला चाळीस शब्द द्या आणि त्यात अर्थ सांगू नका. 'शोध', 'प्रवास', 'अस्तित्व' हे शब्द पाचही टिपणांत येतात आणि पाचही रचना सारख्या दिसू लागतात. काय घडतं ते लिहा: दोन माणसं, दोन खुर्च्या, एक न संपलेलं बोलणं. लोकांना कळणार नाही ही भीती मी समजू शकते. २० ऑक्टोबर १९५७ ला न्यूयॉर्कमध्ये कोरिओग्राफर पॉल टेलर यांनी सात नव्या रचनांची संध्याकाळ केली. त्यातल्या एका युगलात दोघंही अखेरपर्यंत हलले नाहीत. बरेच प्रेक्षक उठून गेले आणि समीक्षक लुई हॉर्स्ट यांनी परीक्षण म्हणून कोरी जागा छापली, खाली फक्त आपली आद्याक्षरं. टेलर त्यानंतर साठ वर्षं रचना करत राहिले. तुमच्याकडे पाच वेगळ्या प्रकृतीच्या रचना आहेत. एका रचनेत प्रेक्षक हरवला तर पुढचीत त्याला हात धरायला काहीतरी मिळतं. प्रत्येक रचनेला वेगळी राहू द्याल तेवढा तो हात पक्का.

अभिवादन मधे कुणाचंच नको. टाळ्या अंधारात आल्या तर येऊ द्या, पाठमोऱ्या एकलानंतर आल्या नाहीत तर ते वाईट नाही. शेवटी पाचही रचनांचे कलाकार क्रमाने येतील, प्रत्येकाला एक श्वासभर जागा, मग सगळे एकत्र, पाय मातीने माखलेले असले तरी चालेल. प्रकाश आणि ध्वनी बघणाऱ्यांकडे हात करायला विसरू नका. चित्रीकरणासाठी एक कॅमेरा पूर्ण रंगमंच दिसेल असा स्थिर ठेवा. पुढच्या संधी मागताना तेच दाखवावं लागतं. आणि पैशांचा हिशेब पाचांनी आधी कागदावर करून घ्या: आलेल्या रकमेतून पहिल्यांदा नर्तकांना, मग तंत्रज्ञांना, कोरिओग्राफर सगळ्यात शेवटी.

माझा क्रम तुमच्या वर्णनावरून लावलेला आहे, मी रचना पाहिलेल्या नाहीत. तीन आठवडे आधीच्या बैठकीत पाचही सलग याच क्रमाने बघा. चौथ्या आणि पाचव्याच्या मधे तुमचे स्वतःचे डोळे थकले तर समूहरचना दुसरी घ्या आणि मातीच्या आधी पाठमोरं एकल आणा; मग घमेली कोण आणणार ते नव्याने ठरवावं लागेल. पत्रिका त्यानंतर छापायला द्या.